खाता न येणारं सफरचंद: सायडरला जवळचीच बाग का लागते?

मे 2025 मध्ये पुण्याच्या फळबाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदं घ्यायची नाहीत असं ठरवलं आणि 'हे सफरचंद आलं कुठून?' हा प्रश्न एकदम बातम्यांत झळकला. आपल्याकडे कारण राजकीय होतं. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या हेरफर्डशर, सॉमरसेट या परगण्यांत मात्र हाच प्रश्न गेली अनेक वर्षं विचारला जातोय, आणि तिथे तो देशाभिमानापेक्षा एका पेयाच्या चवीचा आणि शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा आहे. ते पेय म्हणजे सायडर. तिथल्या जुन्या बागा उपटल्या जात असताना सुपरमार्केटच्या फळ्या मात्र सफरचंदांची चित्रं असलेल्या कॅननी भरलेल्या दिसतात. हे कसं काय, हे समजायला थोडं मागून सुरू करावं लागेल.

आधी सायडर म्हणजे काय

सफरचंदाचा रस काढायचा आणि तो आंबू द्यायचा. रसातली साखर यीस्ट खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. झालं सायडर. द्राक्षाच्या रसाची वाइन होते, तसंच हे. दारूच्या अंशाने ते बिअर आणि वाइनच्या मध्ये बसतं, साधारण साडेचार ते आठ टक्के. अमेरिकेत नुसत्या गढूळ, न आंबवलेल्या रसालाही सायडर म्हणतात, म्हणून तिथे दारूवाल्याला 'हार्ड सायडर' म्हणावं लागतं. इंग्लंडमध्ये सायडर म्हटलं की दारूच. आणि वजन उतरेल या आशेने आपल्याकडे सकाळी नाक मुरडत घेतलं जाणारं अ‍ॅपल सायडर व्हिनेगर ही त्याचीच पुढची पायरी: सायडरला हवा लागली, जिवाणूंनी अल्कोहोलचं आम्ल केलं, की व्हिनेगर.

बिअरमध्ये सातू, हॉप्स, पाणी, यीस्ट असे चार गडी असतात. एक कमी पडला तर दुसरा सांभाळून घेतो. पारंपरिक सायडरमध्ये सफरचंद एकटंच. त्यामुळे ते कसलं आहे यावर सगळं अवलंबून राहतं.

साखर संपल्यावर ग्लासात उरतं काय?

इथेच खरी मेख आहे. आपण सफरचंद खातो ते गोडीसाठी, आणि यीस्ट नेमकी ती गोडीच खाऊन टाकतं. रस पूर्ण आंबला की साखर जवळपास शून्यावर येते. मग जिभेला जाणवण्यासारखं मागे राहतं काय? आंबटपणा, आणि टॅनिन.

टॅनिन म्हणजे झाडाच्या साली-फळांतली ती द्रव्यं, जी जिभेला तुरट लागतात आणि तोंड कोरडं पाडतात. कोरा चहा फार वेळ उकळला की घशाशी जे ओढल्यासारखं होतं, ते टॅनिनमुळेच. सायडरला अंगभर चव, रंग आणि गिळल्यानंतरही रेंगाळणारा कडवटपणा यातूनच मिळतो.

आता आपल्या बाजारातलं लालभडक रॉयल डिलिशस घ्या. गोडी भरपूर, आंबटपणा बेताचा, टॅनिन नावापुरतं. ते आंबवलं की गोडी गेली आणि जागेवर दुसरं काही आलंच नाही. पाणचट, चपटं, सफरचंदाचा पुसटसा वास असलेलं काहीतरी हाती येतं.

याउलट इंग्लंडची खास सायडरची सफरचंदं. ती दिसायला यथातथा, आकाराने लहान, सालीवर खडबडीत डाग. यार्लिंग्टन मिल नावाच्या जातीचा लचका तोडला तर पहिल्या क्षणी गोड लागतं. दोन सेकंदांत जीभ सुरकुतल्यासारखी होते, गालांच्या आतली कातडी दातांना चिकटते आणि तोंडातला घास थुंकावासा वाटतो. रस गाळायला घेतला की बघताबघता त्याचा रंग चहासारखा तपकिरी होतो, कारण टॅनिन हवेशी लगेच भिडतं. खायला कुणी फुकट दिलं तरी नको असं हे फळ आंबवल्यावर मात्र सोनं होतं.

ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टनला 1903 मध्ये फळं आणि सायडर यांच्यासाठी एक संशोधन संस्था निघाली. तिथल्या बार्कर या शास्त्रज्ञाने सायडरच्या सफरचंदांचे चार वर्ग पाडले, ते आजही वापरात आहेत. मोजमाप दोनच: रसात आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर की खाली, आणि टॅनिन 0.2 टक्क्यांच्या वर की खाली. त्यातून गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट असे चार वर्ग होतात. सायडरवाला या वर्गांतली फळं एकमेकांत मिसळून हवा तो तोल साधतो. डॅबिनेट तुरट-गोड, किंग्स्टन ब्लॅक तुरट-आंबट. किंग्स्टन ब्लॅकचं कौतुक एवढ्यासाठी की त्यात गोडी, आंबटपणा आणि टॅनिन या तिन्ही गोष्टी एकट्यात जमून आलेल्या असतात, मिसळायला दुसरं लागतंच असं नाही. (ही लाँग अ‍ॅश्टनची संस्था 2003 मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, बंद झाली. तिथल्या कामातूनच रायबेना हे ब्लॅककरंट या बारीक काळ्या फळाचं सरबतही निघालं होतं. शेती-संशोधनाच्या वाट्याला येणारं कौतुक सगळीकडे सारखंच, असं म्हणायचं.)

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको

थॉमसन सीडलेस किंवा सोनाका खायला उत्तम. पण वायनरीला लागतात शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लां. तिथे बी असलेलं, बारीक मण्यांचं फळ चालतं, आणि लाल वाइनचा तर रंग आणि तुरटपणा सालीतूनच यायचा असतो. 'द्राक्षं ती द्राक्षं' असं निफाड-दिंडोरीचा बागायतदार कधी म्हणणार नाही. सफरचंदाच्या बाबतीतही खायचं वेगळं, पिळायचं वेगळं. हे उदाहरण पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

ही फळं त्याच मुलखात कशी काय?

सफरचंदाची बी लावली तर आईसारखं झाड येत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवा जुगार, आणि बहुतेक वेळा हरलेला. चांगलं निघालेलं झाड टिकवायचं तर त्याचं कलम करूनच वाढवावं लागतं. म्हणून प्रत्येक जातीचं एक जन्मगाव असतं. यार्लिंग्टन मिलचं पहिलं रोप सॉमरसेटमधल्या त्या नावाच्या गिरणीच्या भिंतीत आपसूक उगवलं. डॅबिनेट नावाच्या माणसाला त्याचं झाड मिडल लॅम्ब्रूकजवळच्या कुंपणात सापडलं. किंग्स्टन ब्लॅक टाँटनजवळच्या किंग्स्टन सेंट मेरीचं. ही झाडं कुणी प्रयोगशाळेत घडवली नाहीत. शेकडो वर्षं चोथा टाकून, बिया रुजून, हजारो रोपं उगवली आणि तिथल्या लोकांनी 'हे पिळायला चांगलं' म्हणून त्यांतली मोजकी राखली.

आणि राखायला कारणही रोकडं होतं. त्या भागात शेतमजुरांच्या मजुरीचा एक भाग सायडरच्या रूपात दिला जायचा. चांगलं सायडर असलेल्या शेतावर चांगले गडी टिकायचे. 1887 मध्ये कायद्याने दारूच्या रूपात मजुरी द्यायला बंदी आली. गंमत अशी की त्याच वर्षी पर्सी बुल्मर नावाच्या एका पाद्र्याच्या मुलाने हेरफर्डमध्ये सायडरचा धंदा सुरू केला, आणि घरोघरचं पेय हळूहळू कारखान्याचं झालं.

मग कॅनमध्ये असतं काय? पस्तीस टक्क्यांचं गणित

ब्रिटनमध्ये 'सायडर' म्हणून कर भरायचा तर पेयात किमान 35 टक्के सफरचंदाचा किंवा पेअरचा रस असावा लागतो. बस, पस्तीस. बाकीचं पाणी, साखर किंवा ग्लुकोजचा पाक, वरून घातलेलं आम्ल आणि गोडी असू शकते. आणि तो पस्तीस टक्के रस ताजाच हवा अशीही अट नाही, कॉन्सन्ट्रेट चालतं. कॉन्सन्ट्रेट म्हणजे पाणी उडवून मधासारखा घट्ट केलेला रस. तो टँकरने, पिंपाने कुठूनही कुठेही नेता येतो. चीन आणि पोलंड हे त्याचे मोठे उत्पादक, तुर्कस्तानही विकतं.

पस्तीस टक्के रसातून भरपूर सायडर कसं निघतं, याची युक्ती सरळ आहे. रसात साखरेचा पाक घालून तो वाइनइतका कडक होईपर्यंत आंबवायचा, मग पाणी घालून साडेचार-पाच टक्क्यांवर आणायचा. पारंपरिक पद्धतीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिळलेला रस थंडीभर संथ आंबत राहतो आणि वसंतात पिण्यालायक होतो. कारखान्यात हे काम काही आठवड्यांत उरकतं.

यात बेकायदा काही नाही, भेसळही नाही. मला खटकतं ते वेगळंच. ब्रिटनमध्ये सायडरवरचा कर तेवढ्याच ताकदीच्या बिअरपेक्षा कमी आहे, आणि या सवलतीचं समर्थन करताना नाव नेहमी बागांचं, शेतकऱ्याचं घेतलं जातं. सवलत बागेच्या नावाने मागायची आणि रस पिंपातून ओतायचा, हे काही पटत नाही.

"पण कॉन्सन्ट्रेट हेही सफरचंदच की!"

खरं आहे. तरीही दोन गोष्टी निसटतात. पाणी उडवताना सुगंधी द्रव्यंही वाफेबरोबर जातात. ती वेगळी पकडून परत घालता येतात, पण मूळचा मेळ राहत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जगभरातलं बरंचसं कॉन्सन्ट्रेट खायच्या सफरचंदांच्या मागे राहिलेल्या मालाचं असतं: लहान, डागी, बाजारात न चालणारा माल. म्हणजे मुळातच टॅनिन नाही. जे फळात नव्हतं ते आटवून कुठून येणार?

कॉन्सन्ट्रेटचा खरा गुण वेगळाच आहे. ते बाराही महिने मिळतं आणि दर वेळी सारखंच लागतं. लाखो कॅन भरणाऱ्या कारखान्याला हे हवंच असतं. थंडगार, गोडसर, बर्फावर ओतून प्यायचं काहीतरी हवं असेल तर त्यात वावगं काही नाही.

"मग तुरट जातींची कलमंच दुसरीकडे न्या ना"

नेता येतात, आणि नेलीही. अमेरिकेत सायडर पुन्हा लोकप्रिय झालं तेव्हा तिथल्या बागायतदारांनी इंग्लंड-फ्रान्सच्या तुरट-गोड जातींची कलमं लावली. पूर्व किनाऱ्याकडे ती वेगळ्याच कारणाने अडचणीत आली. या जाती उशिरा फुलतात. इंग्लंडमध्ये हा गुण, कारण फुलोरा वसंतातल्या कडाक्यातून वाचतो. अमेरिकेत मात्र उशिराचा फुलोरा नेमका उबदार, दमट हवेत सापडतो आणि 'फायर ब्लाइट' नावाचा जिवाणूजन्य रोग फुलांतून शिरून फांद्याच्या फांद्या जाळल्यासारख्या काळ्या करतो. शेवटी बऱ्याच जणांचं लक्ष आपल्याच जुन्या जातींकडे वळलं. न्यू जर्सीत एके काळी नावाजलेली हॅरिसन नावाची जात पार विस्मरणात गेली होती. 1976 मध्ये लिव्हिंग्स्टनच्या एका जुन्या सायडर मिलच्या आवारात तिचं झाड सापडलं. त्याचे डोळे काढून कलमं केली आणि थोड्याच काळात मूळ झाड तोडलंही गेलं. आज हॅरिसन पुन्हा लावली जाते.

जात एकच असली तरी बाग कशी राखली यानेही फरक पडतो. खायच्या सफरचंदाला आकार हवा, म्हणून नत्राची खतं सढळ हाताने दिली जातात. ते नत्र रसात उतरतं, आणि नत्र म्हणजे यीस्टचा खुराक. रस धडाधडा आंबतो, आणि त्या धांदलीत सुगंध उडून जातो. खत न घातलेल्या, गवतात उभ्या असलेल्या जुन्या झाडांचा रस अर्धपोटी यीस्टच्या हाती पडतो, महिनोन् महिने रेंगाळत आंबतो. फ्रान्समधल्या नॉर्मंडी-ब्रिटनीमध्ये तर ही उपासमार मुद्दाम घडवून आणतात, म्हणजे साखर पूर्ण संपायच्या आधीच आंबणं मंदावतं आणि सायडर मूळच्याच गोडीसकट बाटलीत जातं. वरून साखर घालावी लागत नाही.

"म्हणजे स्थानिक तेच चांगलं?"

अजिबात नाही. स्थानिक सायडर वाईटही असतं, आणि वाईट असतं तेव्हा फारच वाईट. अस्वच्छ पिंप, हवा लागलेला रस, व्हिनेगरचा भपका आणि वर 'अस्सल गावरान' असा शिक्का. असल्या अस्सलपणाला दुरून नमस्कार.

शिवाय स्थानिक म्हणजे तुरटच, असंही नाही. इंग्लंडच्या पूर्वेला, सफक-केंटकडे, खायची आणि स्वयंपाकाची सफरचंदं पिकतात. तिथलं सायडर हलकं, आंबटसर, पांढऱ्या वाइनच्या अंगाने जाणारं. सफकमधली अ‍ॅस्पॉल ही सायडरची पेढी 1728 सालची आहे, म्हणजे हा प्रकारही काही कालचा नाही. जवळच्या बागेत जे पिकतं त्याला साजेसं सायडर त्या त्या ठिकाणी घडत गेलं.

आणि स्थानिक फळ बेभरवशाचं असतं, हा आक्षेप तर शंभर टक्के खरा. सायडरच्या कित्येक जाती एक वर्ष लगडतात आणि दुसऱ्या वर्षी रुसतात. हापूसवाल्यांना हे दुखणं पाठ आहे. उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियास प्रांताच्या सायडर-संस्कृतीला युनेस्कोने 2024 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथे बाटली डोक्यावर धरून खाली कमरेपाशी तिरक्या धरलेल्या ग्लासात धार सोडतात, घोटभर ओततात आणि फेस विरायच्या आत पितात. पण त्याच अस्तुरियासमध्ये झाडं रुसलेल्या वर्षी बाहेरून सफरचंदं आणावी लागतात. म्हणून तिथे 'सिद्रा दे अस्तुरियास' हे संरक्षित नाव फक्त ठरलेल्या स्थानिक जातींच्या, तिथेच पिकलेल्या फळांच्या सायडरलाच लावता येतं. बाकीचंही विकलं जातं, नुसतं साधं सिद्रा म्हणून. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. बंदी कशावरच नाही, फक्त नाव कुणी वापरायचं हे ठरलेलं.

गिऱ्हाईक एकच

आता मूळ मुद्दा. सायडरचं सफरचंद बागेजवळच पिळलं जायला हवं, याचं सगळ्यात मोठं कारण मला चवीपेक्षा हे वाटतं: या फळाला दुसरा बाजारच नाही. ते कुणी खात नाही. त्याचा अ‍ॅपल पाय होत नाही, नुसता रस करून विकावा तर तुरट. ते झाडावरून हलवून पाडतात आणि ओल्या गवतातून यंत्राने गोळा करतात, त्यामुळे पेटीत मांडून विकायच्या लायकीचं तसंही उरत नाही. भाव कमी, वजन जास्त, निम्म्याहून अधिक पाणी. लांब नेलं तर भाडंच अंगावर येतं. पिळणारा जवळ असेल तरच ते झाड उभं राहतं, आणि त्याने पाठ फिरवली की दुसऱ्या दिवसापासून झाड फुकट जागा अडवायला लागतं.

वेल्समधल्या मॉनमथशर परगण्यात पेनरोस नावाची सुमारे 300 एकरांची बाग होती. 1997 मध्ये बुल्मर्सच्या सायडरसाठी लावलेली. बुल्मर्स आता हायनेकेन या बिअर कंपनीच्या मालकीची आहे. सायडरचा खप घटला, फळ गरजेपेक्षा जास्त झालं आणि काही वर्षांपूर्वी कंपनीने ही बाग उपटून काढली. हजारो झाडं, ऐन भरात असलेली. सफरचंदाची बाग लावल्यापासून नीट उत्पन्न द्यायला काही वर्षं जातात आणि मग ती दोन-तीन दशकं देते. पिणाऱ्यांची आवड मात्र एखाद-दोन उन्हाळ्यांत बदलते. हा मेळ कधीच बसत नाही.

नाशिकने हे भोगलं आहे. 2001 च्या राज्याच्या वाइन धोरणानंतर वायनऱ्या निघाल्या, वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. 2008 नंतरच्या मंदीत वाइनचे साठे पडून राहिले, वायनऱ्यांनी उचल थांबवली, आणि शेतकऱ्यांच्या हाती बियांची, बारीक मण्यांची अशी द्राक्षं उरली की जी ना बाजारात खपणार, ना त्यांचा धड बेदाणा होणार. अनेकांनी बागा काढल्या.

म्हणून 'कॉन्सन्ट्रेट स्वस्त पडतं तर वापरू दे' हे वाक्य वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. स्वस्त रस वापरल्याने चवीत फरक पडेल तो पडेल, पण बाग एकदा गेली की पुढच्या पिढीला महागडा रस घ्यायची इच्छा झाली तरी तो मिळणार नाही. जुन्या, उंच वाढणाऱ्या झाडांच्या बागांचं नुकसान आणखी वेगळं: त्यांच्या कुजक्या खोडांत नोबल चेफर नावाचा एक दुर्मीळ हिरवा भुंगा वाढतो, त्याला नव्या ठेंगण्या बागांत थाराच नाही.

हिमाचलचं काय?

आपल्या देशात डागी, लहान सफरचंदांचं कॉन्सन्ट्रेट हिमाचलचं सरकारी महामंडळ परवाणूच्या कारखान्यात करतंच. सायडरही करता येईल, पण डिलिशसच्या एकट्या जिवावर ते पुचकट होणार. मात्र तिथल्या बागांत परागीभवनासाठी मधूनमधून क्रॅब अ‍ॅपलची झाडं लावलेली असतात. बोरांएवढी, आंबट-तुरट फळं. खायला कामाची नाहीत. सायडरला जे कमी पडतं ते नेमकं त्यांत आहे. हेरफर्डची कलमं मागवण्याआधी कुणी ती पिळून बघायला हरकत नाही.

बाटली हातात आल्यावर

लंडन-बर्मिंगहॅमकडे असलेल्या वाचकांसाठी एवढं सांगतो. ब्रिटनमध्ये 1.2 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर घटकपदार्थांची यादी छापायची सक्ती नाही, त्यामुळे मागच्या बाजूला 35 की 100 हे बहुधा सापडणार नाही. 'ताजा पिळलेला रस' किंवा 'शंभर टक्के रस' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते मुद्दाम लिहिलेलं आहे असं समजा. जातीचं नाव असेल, डॅबिनेट, फॉक्सव्हेल्प, किंग्स्टन ब्लॅक, तर बहुतेक वेळा करणाऱ्याला बाग कुठली ते माहीत असतं. बरेचदा तो बागवाला स्वतःच असतो. पहिला घोट गोडसर बिअरच्या अपेक्षेने घेऊ नका, तुरट लागेल. आणि तो जेवणाबरोबर घ्या. तिकडे डुकराच्या मांसाबरोबर किंवा जुन्या चेडर चीजबरोबर घेतात. तेलकट, मसालेदार जेवणाबरोबरही तो तुरटपणा चांगला कामाला येतो.